परातीतला सूर्य

धर्मापुरी,
८ डिसेंबर २०१९

ती. सोमेश्वर भैय्यास,
धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

एडक्यानं तुझा मोबाईल तुडवला त्याला महिना झाला, तरी नवा घ्यायचं तुझ्या मनात येत नाही. म्हणून मला पोस्टाची पायरी चढावी लागली. पाकीट मांजरसुंब्याला म्हाळूच्या ढाब्यावर पाठवतेय.

काम असं आहे. गुरुवारी २६ तारखेला सकाळी सूर्यग्रहण. आठच्या सुमाराला लागेल, साडेनवाच्या आत पाऊण सूर्य झाकेल, अकराला सुटेल. आमच्या शाळेनं गावोगावच्या माणसांकडून नोंदी गोळा करायचं ठरवलंय. ऊन उतरल्यावर मेंढरं काय करतात हे माझ्यासारख्या मास्तरणीपेक्षा तुम्हाला जास्त कळतं. दर दहा मिनिटांनी फॉर्मात लिहायचं: किती चरतायत, किती उभी, किती बसली. थर्मामीटर सावलीत टांग.

सोबत ग्रहणाचे दोन चष्मे आहेत. ओरखडा दिसला तर फेकून दे. उघड्या डोळ्यांनी, एक्स-रेच्या फिल्ममधून, काजळी धरलेल्या काचेतून अजिबात बघायचं नाही. चष्मे कमी पडले तर सूर्याकडे पाठ करून गव्हाची चाळण धरायची. खाली सावलीत भोकाभोकाचा एकेक खाल्लेला सूर्य पडतो.

आबांना जपून सांग. ग्रहणाचं नाव काढलं की ते का भडकतात, मला आजवर कळलं नाही.

लोभ असू दे, आणि मोबाईल घे.
तुझी,
शिवकन्या

मांजरसुंब्याचा तळ,
१५ डिसेंबर

चि. शिवकन्या हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट पोचलं. मेंढरांची हजेरी घ्यायची म्हंजे लईच झालं बाई! उद्या त्यांची परीक्षाबी घेशील. पर तुझं काम म्हनून करतो.

आबांना सांगितलं तर ताटावरून उठले. त्या दिवशी कुनी वर बगायचं न्हाई म्हनले, अन् काठी घिऊन चालते झाले. कावून ते इचारायची सोय न्हाई. आपल्या बापाचा स्वभाव तुला ठाऊकच हाय. सांजच्याला अजून प्रत्येक मेंढराच्या पाठीवर हात फिरवूनच मोजतात. मी म्हनलं, लांबून मोजा की, तर माझ्यावरच डाफरले.

फॉर्म अर्धा भरून ठिवलाय. निरीक्षकांत मी, आबा अन् तुझी वहिनी अंजू. दृष्टिदोष हाय का, असं इचारलंय तिथं तिघांम्होरं 'नाही' लिवलं.

आमची पोरगी आरोही ग्रहनाच्या नावानं नाचतीया. चष्मे दोन अन् मानसं पाच, पर तू काळजी करू नको. माझ्या सासूबाई सारजाबाई आल्यात. त्या परातीत पानी वतून मुसळ उभं करतात, ग्रहन असंस्तवर ते बिनआधार उभं ऱ्हातं म्हनं, अन् त्याच पान्यात ग्रहन बगायचं. पोरीला परातीम्होरं बसवतो. वर बगायचं कामच न्हाई. तुझ्या चाळनीपरीस हे सोपं.

लोभ हाय तसाच ठिव, रागवायचं कमी कर.
तुझा भैय्या,
सोमेश्वर

धर्मापुरी,
२० डिसेंबर

ती. भैय्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ता मिळालं, उभ्याउभ्याच लिहितेय. आरोहीला परातीपुढं बसवू नकोस. पाण्यात दिसतो तोही सूर्यच असतो. तो डोळ्याला दुखत नाही, म्हणून माणूस बघत राहतं आणि डोळा आतून भाजतो. मागच्या पत्रात मी हे लिहायला हवं होतं. सगळं लिहिलं आणि नेमकं हेच राहिलं. चूक माझी आहे.

म्हाळूला तीनदा फोन केला. पहिल्यांदा निरोप देतो म्हणाला, दुसऱ्यांदा म्हणाला की तुमचा तळ कपिलधारकडं हलला, तिसऱ्यांदा त्यानं उचललाच नाही. गुरुवारी इथं साठ पोरं माझ्या भरवशावर आहेत, मला निघता येत नाही. जेवण जात नाही भैय्या. एकाला दोन पत्रं करून एक पोस्टात टाकतेय, एक एसटीच्या कंडक्टरकडं देतेय.

दुसरं काही लिहीत नाही. लोभ आहेच.
शिवकन्या

कपिलधारजवळ,
२७ डिसेंबर

चि. शिवकन्या हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी हे वाच: आरोहीचे डोळे धड हायेत.

तुझी दोनी पत्रं मला आज मिळाली. काल आमी परात मांडलीच व्हती. मुसळ उभं झालं, पोरगी वाकनार, तेवढ्यात आबा आले अन् लाथंनं परात उडिवली. सासूबाई भिजल्या. मीबी वरडलो, म्हातारपनी डोकं फिरलं का म्हनून. तर आबा खालीच बसले अन् म्हनाले, "माझे गेले तेवढे बस झाले."

शिवे, पंच्यान्नवच्या दिवाळीत ग्रहन झालतं, तू जलमली नव्हतीस. मी सात वर्साचा. परातीत सूर्य बगायचा म्हनून मी लई हट्ट धरलता. आबा म्हनले, आधी मी बगतो, मग तू. लई येळ बगत बसले अन् मग पानी वतून दिलं. काई दिसत न्हाई म्हनले. मी दोन दिस त्यांच्याशी बोललो न्हाई. काल त्यांनी सांगितलं, तवापासून त्यांना नदरंच्या मधोमध काळा डाग दिसतो. कडंनं दिसतं तेवढ्यावर चोवीस वर्सं मेंढरं राखली. हात फिरवून कावून मोजतात, ते मला आत्ता कळलं. मला कळू नये म्हनून आईलाबी सांगितलं न्हवतं.

मला रडू आवरंना. आबाच म्हनले, रडतो काय, पोरीला चाळन आन.

त्यांनी आपलं वाळत घातलेलं धोतर जमिनीवर पसरलं, मी चाळन धरली. धोतरभर चतकोर चतकोर सूर्य पडले. आबा मान वाकडी करून, डोळ्याच्या कडंनं बगत राहिले अन् आरोहीला एकेकावर बोट ठिवून दाखवलं. नोंदीबी त्यांनीच सांगितल्या. सव्वानवाला म्हनले, गवत तोडायचा आवाज निम्म्यावर आलाय. मी मोजलं तर खरंच निम्मी उभी व्हती. थर्मामीटर दोन अंश उतरला व्हता.

फॉर्म सोबत हाय. एका जागी खाडाखोड दिसंल, रागवू नको. आबांच्या नावाम्होरचं 'नाही' खोडून 'आहे' केलंय. त्यांनी सवता सांगितलं म्हनून.

लोभ असू दे, आबांवर जरा जास्त.
तुझा भैय्या,
सोमेश्वर