गाईचा शिक्का आणि आईचा तळमजला

हॅमिल्टन, न्यूझीलंड
ऑगस्ट २०१६

तीर्थस्वरूप मधुमामा यांस,

अक्षतचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. इथे ऑगस्टमध्ये फरशी इतकी गार असते की आठांपैकी एकही अंग टेकवत नाही.) तुमची शुगर ताब्यात असेल आणि तुम्ही मामींच्या, असं धरून चालतो. इकडे सगळे मजेत. "मामाआजोबांना नमस्कार लिहू का?" असं चिरंजीवांना विचारलं, तर "या, स्वीट अ‍ॅज" म्हणाले, म्हणजे इकडच्या बोलीत 'हो, चालेल की'. तोच वाकून केलेला नमस्कार समजावा.

पत्रास कारण, आईचा तळमजला. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यापासून तुमची ताई सहकारनगरच्या तिसऱ्या मजल्यावर अडकली आहे, हे मी तुम्हाला काय सांगणार! लिफ्टचा विषय सोसायटीच्या दर सभेत निघतो आणि चहा आला की संपतो. त्यामुळे खालचा वासंतीकाकूंचा फ्लॅट विकायला निघाला तेव्हा मला देव पावल्यासारखं वाटलं. आधी इथल्याच बँकेत गेलो. तिथली बाई फार गोड. तिने कॉफी विचारली, पुणं सुंदर असणार म्हणाली, आणि घर पुण्यात असेल तर कर्जही पुण्यातच मागा, असं हसतमुखाने सांगितलं. (इथे नकारसुद्धा इतक्या प्रेमाने देतात की माणूस थँक्यू म्हणून बाहेर पडतो, आणि काय झालं ते गाडीत बसल्यावर कळतं.)

मग पुण्याची बँक धरली. त्यांना माझ्या नोकरीचा दाखला हवा होता, आणि त्यावर कंपनीचा गोल शिक्का. आता मामा, आमच्या ऑफिसात शिक्का ही वस्तूच नाही. आमचा साहेब कॉलिन, दुधाच्या एवढ्या मोठ्या कंपनीचा मॅनेजर, पण भर थंडीत हाफ पँटमध्ये हिंडणारा. म्हणाला, "मेट, मी सही केलीय ना? मग?" मी त्याला समजावायला गेलो की सही काय कुणीही करेल, शिक्का म्हणजे... आणि पुढे मलाच काही सुचेना. शेवटी त्याने कपाट धुंडाळलं. शाळेची मुलं फॅक्टरी बघायला येतात, त्यांच्या हातावर उमटवायचा एक शिक्का सापडला. गोल होता. मधोमध डोळा मारणारी गाय. कॉलिनने तो माझ्या दाखल्यावर जांभळ्या शाईत असा काही दाबला की गाईची शेपटीसुद्धा स्पष्ट उठली. मी लाजत लाजत स्कॅन पाठवला. बँकेचं उलट टपाली उत्तर आलं : कागदपत्रं परिपूर्ण आहेत.

गाईवर पास झालो आणि आईवर नापास. बँकेचा माणूस घरी चौकशीला आला, तेव्हा तुम्ही नेमके कोल्हापूरला. आईने त्याला पोहे केले, वर ओलं खोबरं, शेजारी लिंबाची फोड. मुलगा तिकडे काय करतो म्हणून विचारल्यावर आपल्या घराच्या रीतीप्रमाणे म्हणाली, "कसली नोकरी हो, आहे आपली किरकोळ." (दृष्ट लागू नये म्हणून. माझं प्रमोशन झालं तेव्हा तिने शेजारी 'बदली झाली' असं सांगितलं होतं.) इथवर ठीक होतं. पण पुढे म्हणाली, "आणि आता येणारच आहे तो. कायमचा. म्हणून तर खालचं घर घेतोय." माणूस प्रामाणिक निघाला. पोहे खाऊनही त्याने सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. परत येणाऱ्याला तिकडचा पगार राहणार नाही, सबब कर्ज नामंजूर.

मी भयंकर चिडलो. चार शब्द सुनावायचे म्हणूनच आईला फोन लावला. तर ती म्हणाली, "खालच्या घरात मागची खोली तुझी. तिथे सकाळचं ऊन येत नाही, तुला उशिरापर्यंत झोपायला बरं." मी गुडघ्यांची चौकशी केली आणि फोन ठेवला. फार वाईट वाटलं, मामा. मी परत येणार असं तिला कधी म्हणालो होतो, ते आठवत नाही. पण नाही येणार, असंही कधी म्हणालो नाही. इथे घर झालं, मुलाची शाळा झाली, मैत्रेयीची नोकरी झाली, आणि सांगायचं तेवढं राहून गेलं. मला ती फक्त बागेपर्यंत तरी चालत जावी, एवढंच हवं होतं.

असो. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
अक्षत

ता. क. : मैत्रेयी म्हणते, कुणी इकडे येणारं असेल तर मामींच्या हातचं मेतकूट पाठवावं.

ता. क. २ : मुख्य राहिलंच. बँकेने फाइल पुन्हा उघडली आहे, वासंतीकाकू दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहेत. या खेपेला चौकशीसाठी मी तुमचं नाव दिलं आहे, न विचारता, माफ करा. तोच माणूस येईल आणि भाचा परत येणार का म्हणून विचारेल. तुम्ही ठणठणीत आवाजात 'नाही' म्हणून सांगा.

ता. क. ३ : पण त्याला तुमच्याच घरी बोलवा, मामा. आईकडे आला तर ती पुन्हा पोहे करेल, आणि तुम्हाला ते तिच्यासमोर बोलावं लागेल.