दार वाजवल्याबद्दल

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तू आणि आई जिथे असाल तिथे सुखरूप असा. तुझा गुडघा कसा आहे? परवा ज्या चपळाईने तू कौलांवरून पसार झालीस, ती पाहता विचारायची गरज नाही. पण रीत म्हणून विचारतो.

मी खुशाल आहे. पिढीजात घरफोडी सोडून मोहिमेवाल्यांत शिरलो, तरी काम तेच. फक्त प्रतिष्ठा वाढली. पूर्वी सावकारांच्या तिजोऱ्या उघडायचो, आता राक्षसांच्या उघडतो. (राक्षस फिर्याद करत नाही, सरळ खातो.) आमच्यात एक जादूगार, एक तलवारवाली बाई आणि एक वैद्य. बंद दार दिसलं की तिघंही अदबीने मागे सरकतात, "व्हा पुढे, शास्त्रीबुवा!" (बाबांनी मला पाठशाळेत पोथ्या पळवायला घातलं आणि मी त्या पाठ करून परतलो, हा आपल्या कुळाला लागलेला पहिला डाग. प्रामाणिकपणा हा दुसरा.)

तर मागच्या महिन्यात ड्रॅगनच्या गुहेतून सदेह बाहेर पडलो आणि का कोण जाणे, घर आठवलं. तसाच चालत सुटलो. परवा आपल्या गल्लीत शिरलो तर घरातून तुझा नि आईचा आवाज. भाजीत मीठ दोनदा पडलं की नाही यावर कडाक्याचं भांडण! इतक्या वर्षांनी ते कानावर पडलं आणि मी दाराशीच ऐकत उभा राहिलो. आणि तिथेच घात झाला. सज्जनांच्या संगतीत राहून बिघडलो होतो, दार वाजवलं.

आपल्या घरी घरच्या माणसाने कुलूप उघडून, चाहूल न देता आत यावं, हा कुलधर्म. दार वाजवतो तो कोतवाल. आत क्षणात चिडीचूप, मग कौलांची खडखड. मी खालून "ताई, मी आहे गं, मी!" म्हणून ओरडत धावलो. पण हाकेला ओ देणारा चोर पकडला जातो, हे बाबांनी तुलाही शिकवलं होतंच.

मग यथाशास्त्र कुलूप उघडून आत गेलो. भाजी करपत होती, ती उतरवली. (मीठ दोनदाच पडलंय. आईचं खरं.) तिच्या बैठकीची सतरंजी अजून कोमट होती. मी तिच्यावर बसलो. पण थोड्या वेळाने ऊब आईची की माझी ते कळेना, म्हणून उठलो.

हे पत्र मामांच्या दुकानात ठेवतो. चोरीचा माल आणि आपले नातलग, दोन्ही शेवटी तिथेच पोचतात.

तुझा,
कुलकलंक

ता. क. मी आठवणीने झुरतोय असा समज करून घेऊ नकोस. मोहीम आहे, मान आहे, मित्र आहेत. हा केवळ खुलासा.

ता. क. २. नव्या घराचा पत्ता लिहू नकोस, आपल्यात ते बसत नाही. दाराला कुलूप कसलं आहे, तेवढंच कळव. मी शहरातली सगळी दारं बघत येईन.