कमरेचं माप

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस. मी ठीक आहे. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हा उद्योग.

गेल्या महिन्यात दुकानाचा जिना चढताना छाती आवळली. घाम फुटला, पायरीवरच बसलो. मनात म्हटलं, झालं, चौदा वर्षं गप्प बसलेला एचआयव्ही उठला. तुला न सांगता तसाच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाल्या, विषाणू अजूनही रक्तात तपासणीला सापडण्याइतका नाही, गोळ्या चोख चालल्यात, उगाच त्याच्या नावानं खडे फोडू नका. रक्तदाब भलताच वाढलाय, रक्तात चरबी आहे, हृदयाची एक वाहिनी अरुंद झालीये. सिगारेटी किती ओढता? दिवसाला एक पाकीट, मी कबूल केलं.

मग त्यांनी टेप काढून माझी कमर मोजली. चाळीस इंच. तीस वर्षं गावभराची मापं घेणाऱ्या शिंप्याला स्वतःचं माप दुसऱ्यानं सांगावं म्हणजे नामुष्कीच. पण माझी पँट कधी घट्ट झालीच नाही गं. दर वर्षी शिवण उसवायची, अर्धा इंच सोडायचा, पुन्हा मशीन मारायची. लोकांना पट्टा टोचतो, मग कळतं. मला कोण टोचणार? आणि खरं सांगू, दर अर्ध्या इंचाला मला आनंद व्हायचा. तू मला घरी नेलंस तेव्हा माझी हाडं मोजता येत होती. गिऱ्हाईकं दुकानाकडे फिरकत नव्हती. तू माझं ताट वेगळं ठेवलं नाहीस, तुझ्या यजमानांनी माझ्याच टॉवेलला तोंड पुसलं. ते मी जन्मात विसरणार नाही. पुढे तू म्हणायचीस, दादा, बाळसं धरलंस हो. मी तेच धरून बसलो. अंगावर मांस चढतंय म्हणजे आपण जिंकलो.

बाईंनी समजावलं की मी औषधं सुरू केली उशिरा, तोवर रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी फार कमी झाल्या होत्या. अशा माणसानं हृदयाला इतरांपेक्षा जास्त जपायचं असतं. आता दोन गोळ्या वाढल्यात, रोज चालतो. सव्वीस दिवस सिगारेट नाही. दुकानातले कारागीर माझ्यासमोर श्वास जपून घेतात, इतका मी खेकसतो.

हे सगळं आज लिहितोय त्याला कारण आहे. बाईंनी विचारलं, घरात कुणाला लवकर हृदयाचा त्रास झाला होता का? आप्पा बावन्नाव्या वर्षी खुर्चीत बसल्याबसल्या गेले, तेच सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, मग बहिणीचा रक्तदाब कधी तपासलाय? ठमे, माझा एकेक अहवाल तुला तोंडपाठ, आणि तुझा एकही मला माहीत नाही. तू पन्नाशीला आलीस. चार पावलं चाललीस की कमरेवर हात ठेवून थांबतेस, आणि मी मेला तुला आळशी म्हणून चिडवतो. मंगळवारी सकाळी आठची तुझी वेळ घेतलीये. उपाशीपोटी यायचं, कामं सांगायची नाहीत. तुझे उपकार फेडायचे म्हणून नाही गं. मला भीती वाटते. तू मला जगवलंस ते ठीक, पण तूच नसलीस तर मी एकटा जगून काय करू?

तुझाच,
दादा