कॅरेटमधले लुगडे

बिदर,
बुधवार, १४ मे २०२५

चि. राजपाल यास,
पार्वतीअक्काचा सप्रेम जय भीम.

मी कुशल आहे. ‘तूही कुशल असशील’ असे पुढे लिहिण्याची रीत आहे. परंतु ज्याविषयी माझ्याकडे उलट आणि खात्रीलायक माहिती आहे, ते लिहिणे माझ्या स्वभावात बसत नाही. म्हणून ते वाक्य गाळते. परवा बुद्धपौर्णिमा झाली. विहारात खीर उत्तम होती. ती उत्तम खीर शेजारच्या मंगलने पुण्य लागावे म्हणून माझ्याकडच्या तीन पिल्लांना बशीभर पाजली, आणि दोन दिवस मी त्या पुण्याची साफसफाई करते आहे.

अकरा वर्षे, दर मोसमात, औराद–बिदर गाडीने संतपूरहून तुझे टोमॅटोचे कॅरेट येते. त्यात पिल्ले असतात, चिठ्ठी नसते. रिकामे कॅरेट परत जाते, त्यात माझा सूचनांचा कागद असतो, नमस्कार नसतो. बहीणभावाचा एवढा काटकसरीचा व्यवहार साऱ्या जिल्ह्यात दुसरा नसेल. आजच्या कागदावर तारीख आहे आणि जय भीमही आहे, तेव्हा बाकीच्या कागदांनी पेटवलीस तशी याने चूल पेटवू नकोस.

आधी मोसमाविषयी. उगादीच्या पाडव्यापासून आजपर्यंत माझ्या दारात एकोणतीस पिल्ले आली. एक हेल्मेटमध्ये आले. तीन लग्नात मिळालेल्या मिक्सरच्या खोक्यात आली. दोन दुधाच्या पिशवीत, आणि पिशवीला गाठ मारलेली. आणणाऱ्यांचे भाषण मात्र एकच: “अक्का, तुम्हाला आवड हाय म्हनून आनलाव.” माझी आवड त्यांना ठाऊक, माझे घर ठाऊक, लाज तेवढी ठाऊक नाही. यांतल्या निम्म्या पिल्लांची आई तासाभरात परतली असती. मांजरी शिकारीला जाते, पिल्ले ओरडतात, माणसाला कळवळा येतो, आणि त्या कळवळ्याच्या भरात तो आई असलेल्या लेकरांना पोरके करून माझ्या ओट्यावर ठेवतो.

यावर उपाय इतका सोपा आहे की तो सांगताना मला अजूनही आनंद होतो. पिल्लांना हात लावायचा नाही. त्यांच्याभोवती गव्हाच्या पिठाची बारीक रेघ ओढायची आणि निघून जायचे. दोन-तीन तासांनी रेघ विस्कटलेली दिसली आणि पिल्ले शांत असली, तर आई येऊन गेली. चमचाभर पीठ, आणि एवढे मोठे उत्तर! परंतु आमच्या गल्लीतले गुरप्पा, ज्यांनी पस्तीस वर्षे सरकारी कचेरीत खुर्ची झिजवली, मला पीठ टाकताना पाहून काय म्हणाले असतील? “भानामती करायलाव काय, अक्का?” मी म्हटले, “करते आहे, पण तुमच्यावर चालायची नाही. त्यासाठी आत काहीतरी असावे लागते.” तेव्हापासून ते गल्लीच्या दुसऱ्या बाजूने जातात.

आता तुझ्याविषयी.

तुझ्या आजवरच्या चुका मी क्रमाने लिहून पाठवल्या आहेत. सोयाबीनचा भुसा अंथरू नये, तो पिल्लांच्या डोळ्यांत जातो. पोते चारी बाजूंनी आवळू नये. कॅरेट इंजिनाजवळ ठेवायला देऊ नये. आणि गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नये: हे मी किमान सात वेळा लिहिले आहे. नवजात पिल्लाला स्वतःची ऊब तयार करता येत नाही. अंग गार झाले की पोट काम करणे थांबवते, दूध आतच नासते, आणि पाजणाऱ्याच्या हातून पिल्लू मरते. आधी ऊब, मग दूध. दूध पाजायचे ते पिल्लाला पालथे धरून, माणसाच्या बाळासारखे उताणे करून नव्हे. आणि मग ओल्या कापसाने पोटाखाली हलके पुसणे, कारण आईच्या जिभेचा स्पर्श झाल्याखेरीज त्याला लघवीसुद्धा होत नाही. किती देखणी व्यवस्था आहे पाहा: पोसण्याचे काम दुधाइतकेच जिभेचे! हे तुझ्या डोक्यात शिरेल, अशी आशा मी केव्हाच सोडली होती.

म्हणूनच रविवारचे कॅरेट उघडून मी गोंधळले. दोष काढायला जागाच नव्हती. खाली वर्तमानपत्राच्या चार घड्या, बाजूंना हवा खेळती, वरचे पोते सैल, कॅरेट गाडीच्या मागच्या सावलीच्या अंगाला. एकूण एक सूचना पाळलेली. म्हणजे अकरा वर्षे तू ते कागद वाचत होतास, आणि मुद्दाम चुकत होतास, की आणखी कागद यावेत? असा हलकटपणा तुलाच सुचावा.

आणि आत चार पिल्लांसोबत रंगी. तुझी स्वतःची मांजरी, तिरंगी, कान फाटलेली रंगी, जिला तू स्वतःच्या ताटाआधी भाकरी टाकतोस असे सारे संतपूर सांगते.

मी कंडक्टर मल्लिकार्जुनला विचारले, “आज राजपाल स्वतः आला नाही गाडीवर?”

“कुठला येतोय, अक्का. शेजारच्या लक्ष्मम्मानं फाट्यावर आनून दिली पेटी. दादा पाय टेकवंना. आंगठा काळा पडलाय त्याचा.”

“किती दिवस?”

“पंधरा दिस झाले की. शुगर हाय न त्याला. दवाखान्याचं नाव काढलं की म्हनतोय, माय गेली तेवढी बस झाली.”

“आणि मांजर कामून पाठवलंय?”

अकरा वर्षांत माझ्या तोंडून ‘का’ऐवजी गावचे ‘कामून’ प्रथमच निघाले असावे. मल्लिकार्जुनने खाली पाहिले. “म्हनला, मागं तिला कोन बघनार हाय.”

शाब्बास. मांजरीची सोय लावलीस. मूर्खपणाला इतकी शिस्त मी प्रथमच पाहिली. रक्तात साखर वाढलेल्या माणसाच्या पायाला जखम कळत नाही, जखमेला रक्त पोचत नाही, आणि काळा पडलेला अंगठा म्हणजे मेलेला अंगठा. ते मरण अंगठ्यावर थांबत नसते. ते वर चढते. आज अंगठा काढून भागेल. महिन्याने पाय जाईल, आणि त्यानंतर तुझ्या मांजरीला खरोखरच कोणी नसेल. हे तुला कळत नाही असे मी मानत नाही. ज्याला कॅरेट इतके नेमके भरता येते, त्याला एवढे नक्की कळते.

रंगीचे सांगते. मी तिला मागच्या खोलीत पिंजऱ्यात ठेवले, खाली धुतलेला टॉवेल घातला, पाणी, उकडलेले अंडे, अंधार, शांतता: सर्व पद्धतशीर. तिने अंड्याला तोंड लावले नाही. पिल्लांना जवळ घेतले नाही. दाराकडे तोंड करून बसली ती बसलीच. मी चौघांना दर तीन तासांनी ड्रॉपरने पाजले. तरी सोमवारी सर्वांत लहानग्याचे वजन सहा ग्रॅमने घटले. मंगळवारी आणखी चार.

मंगळवारी दुपारी मंगल आली. खिरीच्या प्रकरणामुळे ती दारातच उभी होती.

“अक्का, हिच्याखालचं फडकं कुठाय? आली तवा हिरवं लुगडं व्हतं की.”

“धुवायला टाकले आहे.”

ती मोरीकडे जाऊन आली. “बादली तर कोरडी हाय. तीन दिस झाले. तुम्हीच तर म्हनता, मांजर हलवलं की तिचं अंथरून बदलायचं न्हाई, वासावरच ती घर वळखती. मला शनवारीच शिकवलंव!”

शिकवले होते. उदाहरणांसह, पंधरा मिनिटे. मंगलनेच ते लुगडे शोधून आणले आणि पिंजऱ्यात सारले. रंगीने नाक लावले, तीनदा जागच्या जागी फिरली, आणि आडवी झाली. चारही पिल्ले लागली. आज सकाळी लहानगा नऊ ग्रॅमने वर आहे.

ते मी धुण्यासाठी काढले नव्हते. पाहताक्षणी काढले, कारण ते मायचे होते.

हैदराबादच्या त्या दवाखान्यात मायच्या अंगावर तिथले कपडे चढवले आणि हे लुगडे घडी करून मी तुझ्या हातात दिले: “घरी ने, इथे चालत नाही.” चार दिवस ती म्हणत राहिली, “माझं लुगडं दे गं, हे कुनाचं हाय? मला संतपूरला ने.” तिने जेवण तोंडात घेतले नाही. मी तिला पोषणाचे महत्त्व समजावून सांगत होते. चौथ्या दिवशी ती गेली. तू व्हरांड्यात मला एक वाक्य बोललास, “अक्का, तुला समदं ठाव हाय, फकस्त मायला काय पायजे ते ठाव न्हाई,” आणि त्यानंतर आजतागायत काही बोलला नाहीस. त्या वाक्याबद्दल मी तुझा इतकी वर्षे तिरस्कार केला. अडाण्याचा भावुकपणा, असे मी त्याला मनात नाव दिले होते.

तुला एक गोष्ट ठाऊक नाही. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते, “आता करण्यासारखे काही नाही, घरी न्यायचे तर न्या.” तू विचारलेस तेव्हा मी म्हणाले, डॉक्टर सोडत नाहीत. डॉक्टर सोडत होते. मी सोडत नव्हते. आपल्या घरातून शिकलेली मी पहिली. ज्या विद्येने मी तिथवर पोचले, ती मायच्या खाटेशी येऊन हात टेकते, हे मला मान्य नव्हते. म्हणून तिला मी परक्या कपड्यांत मरू दिले. दुधाच्या पिशवीला गाठ मारणाऱ्या माणसांची मी एवढी छी-थू करते. त्यांना निदान ठाऊक तरी नसते.

हे समोर बसून बोलले असते, तर तिसऱ्या वाक्याला मी शिकवायला लागले असते. म्हणून आधी लिहिते आहे. हा कागद मल्लिकार्जुन उद्या लक्ष्मम्माच्या हाती देईल. कॅरेट या वेळी परत पाठवत नाही. शुक्रवारी पहिल्या गाडीने मी स्वतः घेऊन येते: रंगी, तिची चार पिल्ले आणि खाली तेच लुगडे, न धुतलेले. सोबत बिदरचे एक डॉक्टर येतील. ते तुझ्याच ओसरीवर, तुझ्याच खाटेवर पाय तपासतील. अंगठा काढावा लागेल आणि त्यासाठी बिदरला यावे लागेल, असे ते म्हणतील. ते बरोबर असतील, आणि त्यात वाद घालणे हा शुद्ध गाढवपणा ठरेल. हेही लक्षात घे: मायजवळ करण्यासारखे काही उरले नव्हते, तुझ्याजवळ अजून आहे. येशील तर तुझी वाकळ बरोबर येईल. तिथले कोणी ‘चालत नाही’ म्हणाले, तर त्यांच्याशी मी बोलेन. तो विषय मला चांगला येतो. आणि तू ज्या क्षणी म्हणशील, “अक्का, संतपूर,” त्या क्षणी मी गाडी बोलावीन. कारण विचारणार नाही. समजावून सांगणार नाही. हे वचन देताना मला किती त्रास होतो आहे, हे तू ओळखशील.

दार लावून बसू नकोस. लावलेस, तर मी उंबऱ्याबाहेर पिठाची रेघ ओढून ओट्यावर बसेन, आणि रेघ विस्कटेपर्यंत हलणार नाही. गावाला भानामती वाटली तरी चालेल.

जिला समदं ठाव व्हतं,
ती तुझी अक्का