टोचणीबाबाचं नाव

सांगली,
मंगळवार

तीर्थरूप रूथवन्संना मिलकाचा शालोम आणि वाकून नमस्कार.

तुमचं इस्राएलातून, अश्दोदहून, निघालेलं पार्सल काल पोचलं. यादी ताडून घेतली, ती अशी: खजुराचे डबे दोन (एकाचं झाकण सुटलं होतं, पण खजूर जागेवर), शब्बाथच्या मेणबत्त्या एक खोकं, ह्यांच्यासाठी लोकरीची कानटोपी (सांगलीत! ट्रंकेत ठेवली), आणि आजोबांच्या कबरीच्या पाटीवर काय कोरायचं त्याचा हिब्रू कागद. पोस्टमनकडे जकातीचे सहाशे चाळीस रुपये मोजले. तेवढ्यात इथे मारुती चौकात चार किलो खजूर येतो हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण आता शाईने लिहून झालंय.

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना होत आला. पट्टी निघाली का? डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिली का? तुम्हांला जड जाऊ नये म्हणून अक्षर मोठं काढते आहे. त्यामुळे कागद जास्त लागला, सबब पाठपोट लिहिलंय. अजून नातूच वाचून दाखवत असेल, तर कंसातलं त्याने मनात वाचावं.

आता मुख्य कामाचं. तुम्ही लिहिलंत, "मी डोळे मिटायच्या आत आजोबांची कबर शोध. सापडले की त्यांना मुंबईला आपल्या कबरस्तानात नेऊ, आपल्या माणसांत." हाताशी माहिती एवढीच, की आजोबा सरकारी देवी डॉक्टर होते, गावोगाव फिरून पोरांना देवीची लस टोचत. एकोणीसशे अठराच्या मानमोडी तापाच्या साथीत सातारा भागात गेले ते परत आले नाहीत. मामंजी तेव्हा आठ वर्षांचे. आजेसासूबाई पोरांना घेऊन अलिबागला माहेरी गेल्या आणि इकडचा माग तुटला. हे काम मलाच का, तर मी जुनी अकरावी मॅट्रिक, तीही पहिल्या खेपेत, आणि मी कागद नीट ठेवते, असं तुम्हीच लिहिलंत. (स्तुतीला मी फार स्वस्तात जाते. ह्यांना हे गुपित एक्कावन्न वर्षांत कळलेलं नाही, ते कळवू नये.)

सुरुवात मोबाइलवर केली. वंशावळ लावून देणारी एक साइट मिळाली, चौदा दिवस फुकट. मी मनाशी म्हटलं, तेरा दिवसांत उरकू. आपल्या घराण्याची रीत तुम्हांला ठाऊक आहे, नातवाला आजोबाचं नाव. आजोबा सोलोमन रहमिम, मामंजी रहमिम सोलोमन, आणि तुमचे बंधू पुन्हा सोलोमन रहमिम. साइटला ही रीत कुणी सांगितलेली नव्हती. तिने आजोबा आणि नातू हा एकच माणूस धरला, मामंजींना त्याचा बापही केलं आणि मुलगाही, आणि मी आजोबांच्या पुढे मृत्यूचं साल घातलं तसं ह्यांना एकोणीसशे अठरात वारलेलं दाखवलं. म्हणजे मी जन्मायच्या सदतीस वर्षं आधी विधवा! चुकून कुठलं बटण दाबलं गेलं कोण जाणे, पण ती बातमी आपल्या आडनावाच्या जगभरच्या झिराडकरांना गेली. न्यू जर्सीहून, हैफ्याहून आणि ठाण्याहून अशी तीन सांत्वनपत्रं आली. ह्यांनी चहा पिता पिता तिन्ही वाचली आणि म्हणाले, "बरं लिहिलंय." ठाण्याच्या माणसाला मी उत्तर पाठवलं, की मयत व्यक्ती आत्ता दुसरा कप मागते आहे.

मग ठरवलं, की कागदाचं काम कागदावरच करावं. ह्यांना घेऊन एसटीने साताऱ्याला गेले. (ज्येष्ठ नागरिक, अर्धं तिकीट. मी बाई म्हणून अर्धं आणि ज्येष्ठ म्हणून त्याच्याही अर्धं मागून पाहिलं, कंडक्टर वेगळ्या विचारांचा निघाला.) कचेरीत जुन्या नोंदींच्या खोलीबाहेर निम्मा जिल्हा बसलेला. हल्ली जातीच्या दाखल्यांसाठी जो तो आपापला खापरपणजोबा शोधतो आहे. त्या गर्दीत आमचाही एक. खिडकीपाशी समीक्षा नावाची गोड मुलगी होती. तिने विचारलं, "आजी, कुणाची नोंद? नाव सांगा."

वन्सं, तिथेच माझं गाडं अडलं. लग्नात तुम्ही दार अडवून उखाणा घ्यायला लावलात, त्यानंतर मी ह्यांचं नाव तोंडाने घेतलेलं नाही. गॅसवाला, बँक, दवाखाना, सगळीकडे मी "लिहून देते" म्हणते. आणि आजेसासऱ्यांचं नाव तेच! मी म्हटलं, "लिहून देते." तिने फॉर्म दिला, मी मोठ्या ऐटीत भरला. तिने वाचला. अर्जदाराचा पती सोलोमन रहमिम झिराडकर, मयत सोलोमन रहमिम झिराडकर. ती बाकड्याकडे बघून म्हणाली, "आजी, आजोबा तर मागं बसल्यात की! जित्त्या माणसाचा मृत्यूचा उतारा न्हाई मिळत." ह्यांनी हजेरी दिल्यासारखा हात वर केला. अख्खा व्हरांडा हसला, पुढच्या रांगेतल्या एकाने तर ह्यांना शंभर वर्षं आयुष्य चिंतलं. नंतर जातीच्या रकान्यात मी "बेने इस्राएल (ज्यू)" लिहिलेलं पाहून पोरीने मला परदेशी नागरिकांच्या खिडकीवर पाठवलं. तिथे पासपोर्ट मागितला. माझ्याकडे बचत गटाचं ओळखपत्र होतं.

जुन्या वह्या मोडी लिपीत. त्या वाचायला आप्पासाहेब म्हणून एक निवृत्त मास्तर बसतात, पानामागे वीस रुपये. मी हिशेब केला, की सगळी पानं कशाला वाचायची? त्यांना म्हटलं, मराठे, धनगर, माळी, तेली, सुतार असं जिथे लिहिलंय ते सोडा, आमचं वेगळंच दिसेल. दोन दिवस ते बिचारे पानं सोडत गेले आणि मी वीस-वीस रुपये वाचवत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांनी चष्मा काढला. "बाई, त्या काळच्या कारकुनाला तुमचा इस्राएल कुठला माहीत? तुमची माणसं मूळ धंदा काय करायची?" मी म्हटलं, कोकणात तेलाचे घाणे होते. शनिवारी शब्बाथ म्हणून बंद ठेवायचे, त्यावरून लोक शनवार तेली म्हणायचे. मास्तरांनी चष्मा पुन्हा चढवला, मी उगाच पदर सारखा केला. मग म्हणाले, "आणि दोन दिवस मला तेली सोडायला कोण सांगत होतं?"

मागची सगळी पानं पुन्हा उलटावी लागली. (वाचवलेले पैसे असे गेले. मास्तरांनी निम्मेच घेतले, देव त्यांचं भलं करो.) आणि सापडले, वन्सं. कार्तिकातली नोंद. सलोमन रहिमान, तेली, देवी डाक्तर, तापाने मयत, मौजे बोरजाईवाडी. मास्तरांनी अक्षरावर बोट ठेवून दाखवलं. मला वाचता येत नव्हतं, तरी मी तिथेच बघत बसले.

गेल्या बुधवारी बोरजाईवाडीला गेलो. फाट्यावर ज्योतिबा नावाचा शेतकरी भेटला, उसाला पाणी पाजत होता. विचारलं, मानमोडीत वारलेल्या कुणा देवी डॉक्टरची कबर इकडे आहे का? तो म्हणाला, "टोचणीबाबा व्हय? आमच्याच बांधावर हाय की!" आणि आम्हांला बांधावरून घेऊन गेला. बाभळीखाली एक पांढरा चुना दिलेला दगड, भोवती सारवलेलं, वर ताज्या झेंडूचं फूल. ज्योतिबाची आई बाळाबाई पाठोपाठ आली. ऐंशीच्या पुढची, पण चाल माझ्यापेक्षा तुरुतुरु. तिने सांगितलं, गावातलं कुठलंही बाळ पहिल्या इंजेक्शनला न्यायच्या आधी इथे आणतात, म्हणजे ताप येत नाही. बाबाला पोहे, गूळ आणि खोबरं ठेवतात. का, तर बाबा कुणाच्या घरचं मटण खायचा नाही, पोह्यांत गूळ-खोबरं कालवून खायचा आणि टोचून रडणाऱ्या पोराच्या हातावरही तेच ठेवायचा. "आन् शनवारी टोचाय न्हेत न्हाई कुनी. बाबाचा खाडा आसतोय. नर्सबाई लय वैतागत्यात."

वन्सं, आपला शनिवारचा खाडा आणि आपला पोहे-गूळ-खोबऱ्याचा मलिदा! अलिबाग, मुंबई, अश्दोद अशा तीन ठिकाणी आपण तो पाळत बसलो आणि चौथ्या ठिकाणी उसाच्या बांधावर कुणीतरी आपल्यासाठी पाळत होतं. पण मी पडले धर्माची. रडायचं सोडून व्याख्यान सुरू केलं, की आमच्यात देव एकच, त्याला रूप नाही, मेलेल्या माणसापुढे हात जोडायचे नसतात, हे सगळं चुकीचं आहे. बाळाबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आवं, आमी कुटं देव म्हनतो? पाव्हना म्हनतो. पाव्हन्याला उपाशी ठिवत न्हाईत. तुमी तेची मानसं ना? मंग इतकी वरसं कुटं हुता?"

ह्याला उत्तर तुमच्याकडे असलं तर कळवा.

मग तिने विचारलं, "बाबाचं नाव काय व्हतं? सासूला म्हाईत न्हवतं, मलाबी न्हाई." मी सवयीने पर्स उघडली, लिहून द्यायला. पेन कचेरीत राहिलेलं. आणि बाळाबाईला वाचताही येत नाही. ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे ज्योतिबाला उसाचा उतारा विचारत होते. शेवटी मी त्या दगडाकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हटलं, "सोलोमन रहमिम झिराडकर."

पाठीमागून हे म्हणाले, "ओ?"

बाळाबाई इतकी हसली की तिला बांधावर बसावं लागलं. आणि मी हसता हसता कधी रडायला लागले ते मला कळलं नाही. ह्यांनी रुमाल दिला. एवढंच म्हणाले, "पुन्हा म्हण की."

असो. पत्र लांबलं. प्रकृतीला जपा, औषधाचे थेंब वेळेवर घाला. सर्वांना शालोम.

तुमची,
मिलका

ता. क. आजोबांना मुंबईला न्यायचं, हे मी बाळाबाईला सांगितलं नाही. तोंडच झालं नाही. तुम्ही थोरल्या, तुमचा शब्द शेवटचा. पण माझ्या मते ते आपल्या माणसांतच आहेत. पाटी तिथेच बसवू, हिब्रूखाली मराठीतही नाव कोरू. परत येताना फाट्यावर ज्योतिबाला तेवढं एकट्याला विचारलं. पाटीला तो तयार आहे, पण म्हणतो, "थोरल्या घरची सही पायजे, मोबाइलवरचं चालायचं न्हाई." तेव्हा दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहा.

आणखी ता. क. (हे नातवाने वाचू नये. तुम्हीच वाचा.) व्याख्यान झाल्यावर सगळे चहाला पुढे गेले तेव्हा मी मागे राहिले. दगडापुढे हात जोडले, आणि नवस बोलले, की आजोबा, वन्संनी माझं पत्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं तर तुमच्या बांधावर गावातल्या एकवीस बाळांना मलिदा वाटीन. आपल्यात असं चालत नाही हे मला ठाऊक आहे, त्याची माफी मी शुक्रवारी दिवा लावताना मागेन. पण पोहे किती आणायचे ते ठरवायचंय आणि खोबरं महाग झालंय. तरी ही ओळ कुणी वाचली ते उलट टपाली कळवा.