दोघांच्या होडीची अक्षरं

दि. ४ एप्रिल
चि. ठकूस,
अ. आ.

पत्र पोचलं. आपल्या प्रकारच्या होड्या क्लबात चारच उरल्या, यंदा आणखी दोन आल्या नाहीत तर शर्यतींतून आपला गटच काढून टाकणार, म्हणून शिडावर मोठ्ठी जाहिरात लावायची, हे सगळं समजलं. ‘होडी दोघांची! या, बसून बघा’ ही अक्षरं चिकट व्हिनाइलमध्ये कापून सोबत पाठवते आहे. पाट्यांचं दुकान चालवणारी बहीण असताना बाहेर कशाला जायचं!

पण बाई, तीन पानांच्या पत्रात वहिनी किती वेळा यावी? मी मोजलं. सतरा. वहिनी वाऱ्याचा अंदाज बरोबर घेते, वहिनी पुढचं शीड झटक्यात ओढते, वहिनीला कध्धी म्हणून भीती वाटत नाही. बारा वर्षं त्या जागेवर मी बसत होते. दुकानापायी गाव सोडलं म्हणजे मेले नाही मी.

असो. शीड गोड्या पाण्याने धुऊन हॉलच्या फरशीवर ताणून पसर. साबणाचं पाणी शिंपड, अक्षरांमागचा कागद सोल आणि प्लास्टिकच्या पट्टीने मधून कडेकडे दाबत जा. आणि हो, हे काम एकटीनेच करायचं. दुसरा हात लागला की अक्षरं वाकडी जातात. वहिनीला लांब ठेव.

सतरांतली थोडी माया इकडेही वळव, म्हणजे झालं.
तुझी ताई

दि. १३ एप्रिल
ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अगं, घोळ झाला! ‘होडी’ कशीबशी बसली. ‘दोघांची’चा कागद सोलला, तेवढ्यात तो अख्खा पट्टा उलटून स्वतःलाच चिकटला. सोडवायला गेले तर माझ्या कोपराला चिकटला. दादा मदत करायचं सोडून पोट धरून हसत बसला.

वहिनी दारातच उभी होती, टोक धरू का विचारत होती. मी तिला चक्क हाकललं. ताईने एकटीनेच करायला सांगितलंय, म्हटलं. ती आत गेली. तेव्हापासून जेवणापुरतंच बोलते आहे.

माझं काय चुकलं ते लिही, आणि अक्षरं पुन्हा पाठव ना.

रागावलीस तरी आपलीच म्हण.
ठकू

दि. १९ एप्रिल
चि. ठकूस,
अ. आ.

तुझं काही चुकलं नाही. मी खोटं लिहिलं. एवढा लांब पट्टा एकट्या माणसाला बापजन्मात लावता येत नाही. दुकानात मीसुद्धा शेजारच्या शिंपीणबाईंना हाक मारते. एकीने कागद सोलत मागे सरकायचं, दुसरीने दाबत यायचं.

तुम्ही दोघी गुडघ्यांवर बसून, खिदळत ते करता आहात असं डोळ्यांपुढे आलं आणि मला बघवेना. जळले मी, ठकू, सरळच सांगते. हे काय वय आहे का माझं!

नवी अक्षरं पाठवते आहे. वहिनीला बोलाव, आणि हे पत्र तिला वाचायला दे. शरम वाटते, पण दे.

उरलासुरला लोभ सांभाळ.
ताई

दि. २८ एप्रिल
सौ. ताईंस,
स. न. वि. वि.

अक्षरं लागली, सुरकुती म्हणून नाही. काल धक्क्यावर तीन जोड्या चौकशीला आल्या. त्यांतल्या एका नवरा-बायकोने तर होडीत बसल्या बसल्या भांडण काढलं, म्हणजे ते दोघं नक्की होडी घेणार.

तुमचं पत्र वाचून मला राग यायला हवा होता. पण मी कोणत्या तोंडाने रागावू? जळणं काय तुम्हाला एकटीलाच येतं? होडी वळवताना शिडाखालचा आडवा दांडा डोक्यावरून फिरतो. तेव्हा ठकू मागून ओरडते की, ताई, वाक! दोन वर्षं झाली, एकदाही वहिनी म्हणाली नाही. तिच्या ते ध्यानीमनीही नसतं. पहिल्यांदा मी वळून बघितलं आणि दांडा कपाळात बसला. आता मुकाट्याने वाकते.

लोभात जरा सरकून बसा, मलाही जागा होईल.
वहिनी