पाकिटावर माझं नाव

६ फेब्रुवारी २००१
कारखान्याच्या स्टोअर्समधल्या माने काकूंना आज पहिला मेल करायला शिकवलं. मुलीला लिहायचा होता, बंगलोरला. इंग्रजी अक्षरांत मराठी, एका बोटानं. मला म्हणाल्या, तू तिकडं बघ. बघितलं तिकडं. झाल्यावर विचारलं, "मधी कोण वाचत न्हाय न्हवं?" मी ऐटीत सांगितलं, पोस्टमन कधी पाकीट फोडतो का. दुपारी मोडेम लावला, रांगेतले सगळे मेल गेले. पोचलं का म्हणाल्या, पोचलं म्हटलं. खरं तर आमच्या नेटवाल्याच्या सर्व्हरनं घेतलं एवढंच मला माहीत. पुढचं कोण समजावत बसणार.
लाईट दोनदा गेली. यूपीएसची बॅटरी बदलायला हवी.

९ फेब्रु.
काकूंचा मेल परत आलाय. माझ्या बॉक्समधे.
येणारच. मेलवर दोन नावं असतात, एक आतल्या कागदावर, एक पाकिटावर. परत यायचा तो पाकिटावरच्या नावानं येतो. गेल्या वर्षी नेटवाल्याचा सर्व्हर आमच्या मशिनची नावं घेईना, तेव्हा मी सगळ्या ऑफिसच्या पाकिटांवर माझंच नाव टाकून मोकळा झालो. तात्पुरतं. ते तात्पुरतं अजून तसंच आहे. त्यामुळे कुणाचाही परत आलेला मेल माझ्याकडे, आतल्या मजकुरासकट. परचेसच्या जोश्यांचा दुसरीकडच्या नोकरीचा अर्ज असाच आला होता. तो मी कँटीनमधे... जाऊ दे.
कारण साधं: मुलीचा मेलबॉक्स भरलेला. वरच्या दोन ओळींत कळलं होतं. तिथंच थांबायचं होतं. थांबलो नाही.

१० फेब्रु.
डोक्यातून जात नाही. मुलीनं आपल्या मनानं लग्न केलं, काकू गेल्या नाहीत. तेव्हापासून बोलणं बंद. आता कुणाकडून तरी कळलंय की सातवा लागलाय. लिहिलंय: "पहिलं बाळंतपण आईकडं असतंय. तू ये, न्हायतर मी येतो. माझं चुकलं." इकडच्या बायका बोलतात तसंच लिहिलंय, येतो, जातो. ही तीच बाई, जी चिठ्ठीशिवाय एक नट देत नाही.
सांगायला म्हणून गेलो. त्याच आधी म्हणाल्या, काय आलंय का रं माझं? नाही म्हटलं. त्यांच्या नावानं काही आलेलं नाही, आलं ते माझ्या नावानं, म्हणजे मी खोटं बोललो नाही, असा वकिली विचारही करून झाला. स्वतःचीच किळस आली.

१४ फेब्रु.
रोज विचारायच्या, आज विचारलं नाही. कँटीनमधे समोर येऊन बसल्या. डबा उघडलाच नाही.
"वाचून टाकून दिलं असंल तिनं. बराबर हाय. तिच्या पत्रांचं मीबी तसंच केलतं की."
तोंडात घास होता. गिळला. आता सांग, आता सांग असं मनात चाललेलं, आणि मी भाताकडे बघत बसलो. त्या उठून हातकणंगल्याच्या गाडीला गेल्या, अर्ध्या दिवसाची रजा टाकून.
सांगितलं तर पहिला प्रश्न, तुला कसं कळलं. दुसरा, वाचलंस? दुसऱ्याला घाबरतो मी. आणि त्यासाठी ती बाई समजतेय की पोरीनं तिला तोडलं. लाज वाटते हे लिहायलाही.

१७ फेब्रु.
सेटिंग बदललं. आता प्रत्येकाच्या पाकिटावर ज्याचं त्याचं नाव. चहा गार व्हायच्या आत झालं. वर्षभर मला याला वेळ नव्हता. नालायक.
राहिला तो जुना मेल. मी तो काकूंच्या बॉक्समधे टाकला तर आमचा सर्व्हर आत ठेवताना सगळ्यात वर पाकिटावरचं नाव लिहितो. म्हणजे माझं. खऱ्या परत आलेल्या मेलच्या पाकिटावर मात्र पाठवणाऱ्याची जागा कोरी असते, तो पुन्हा कुणाकडे परत जाऊ नये म्हणून. कोरं पाकीट मला करता येतं. माझ्याच बॉक्सवर करून बघितलं. हुबेहूब. माझं नाव कुठंच नाही.

२० फेब्रु.
टाकला. कोराच.
काकू धावतच आल्या. "आरं, तिला गावलंच न्हाय! तिची पेटी भरलीया." हसतही होत्या, रडतही होत्या. एवढे दिवस कुठं होतं म्हणाल्या. सर्व्हरमधे अडकलं होतं, म्हटलं. माझ्यामुळं कळलं म्हणून तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. सगळं स्टोअर्स बघत होतं. जमीन दुभंगावी असं वाटलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.
पुन्हा लिहून पाठवलाय त्यांनी.

२३ फेब्रु.
मेल परत आलेला नाही, म्हणजे या वेळी पोचलाय. उत्तर नाही. काकूंना आता दम निघत नाही. रजा टाकून, सोमवारची साप्ताहिक सुट्टी जोडून आज बंगलोरच्या गाडीनं निघाल्या. डिंकाच्या लाडवांचा डबा पिशवीत, वर माझ्यासाठी दोन वेगळे.
पासवर्ड मला दिलाय. तिचं काय आलं तर तूच उघड, म्हणाल्या. उद्या उतरल्यावर बूथवरनं फोन करणार. ये म्हणत असली तर तिच्या घरी, नाहीतर तिथूनच माघारी. दारात उभं राहून तिला त्रास द्यायचा नाही, या दिवसांत.
मी म्हटलं, जोश्यांना द्या पासवर्ड, माझ्याकडे कशाला.
"जोश्या भोचक हाय. तू दुसऱ्याचं वाचत न्हाईस."
घेतला. लाडूही घेतले.

२४ फेब्रु.
सकाळी मोडेम लावला. मुलीचं उत्तर आलंय. विषयाची जागा रिकामी, त्यामुळे वरून काहीच कळत नाही. परवानगी आहे आणि हात पुढे होत नाही.
आता कधीही फोन येईल. बूथवर मीटर पळत असणार. माझं आधी सांगू की तिचं? माझं आधी सांगितलं तर नंतर तिचं माझ्या तोंडून त्या खरं कशाला मानतील. तिचं आधी सांगितलं, आणि ती ये म्हणत असली, तर त्या आनंदात माझं सांगायचं पुन्हा राहून जाईल. राहून कसलं, मी टाळणार. मी मला ओळखतो.
उघडतो.